सूनबाईंचा एका पातेल्यातला पास्ता

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ही वही मला औषधांच्या वेळा लिहायला मिळाली आहे. सूनबाईंनी दिली. त्या औषधांच्या दुकानात काम करतात, तिथे अशा वह्या फुकट येतात. वर खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. सकाळी एक गोळी, झोपताना एक, फारच दुखलं तर मध्ये एक. एवढं लिहायला दीडशे पानं कशाला लागतात? उरलेल्या पानांवर मी खरं काय ते लिहिणार आहे. तोंडानं बोलायची सोय नाही, कारण सध्या मी पाहुणी आहे आणि पाहुणीनं ताटात काहीही पडलं तरी "छान झालंय" म्हणायचं असतं.

सोमवारी, आठ तारखेला, लोयानोला, म्हणजे डोंगरातल्या माझ्या गावी, घराच्या पायरीवरून पडले. डावं मनगट मोडलं. दोन तास अंगणात पडून होते. फोन एप्रनच्या खिशात होता म्हणून निभावलं. इवानोला, माझ्या मुलाला, फोन लावला, पण बिचारा मीटिंगमध्ये अडकलेला. पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे तो, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, झोलाला. दोन बस बदलून पन्नास मिनिटं लागतात, कारण घरातली एकुलती एक गाडी बायकोकडे असते. मोठ्या जागेवरचा माणूस मीटिंग सोडून कसा उठणार? त्यानं कळवलं म्हणून आली ती लोरेदाना, त्याची बायको. दुकानातल्या पांढऱ्या डगल्यातच आली, केस विस्कटलेले. घाटातून गाडी अशी पळवली की मनगटाचं दुखणं विसरून मी दाराची कडी धरून बसले.

प्लास्टर २४ ऑक्टोबरला निघेल. तोपर्यंत मी एकटीनं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून बोलोन्यात मुलाच्या घरी आहे; तो, सूनबाई आणि नात आगाता. इथे मी स्पष्ट लिहून ठेवते: मला परत जायचं नाही. थंडीत लोयानोला पाचच्या आत अंधार पडतो आणि समोरच्या दोन्ही घरांना कुलूप आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. प्लास्टर निघेल त्या दिवशी इवानोनं म्हणायला हवं, "मम्मा, आता इथंच राहा." त्यासाठी तोवर या घराचं पान माझ्याशिवाय हलता कामा नये. सहा आठवडे आहेत.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज डोळ्यांनी पाहिलं. खोलीचं दार लावून लिहितेय.

सूनबाई आठला दहा कमी असताना आल्या. कोट खुंटीवर, पिशवी खुर्चीवर, आणि थेट पसरट पातेलं ओट्यावर. त्यात कच्ची स्पॅगेटी आडवी टाकली. वर अर्धे कापलेले छोटे टोमॅटो, कांदा, लसूण, बेसिलची पानं, मीठ, तेलाची धार. मग नळाखालचं थंडगार पाणी मापानं ओतलं आणि गॅस पेटवला. सगळं एकदम, एकाच भांड्यात. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

"हे काय चाललंय?"

"जेवण चाललंय," ती म्हणाली. "बारा मिनिटं. तेवढ्यात मी आगाताचं गणित बघते आणि कपड्यांचं मशीन लावते."

"पास्त्याला आधी खळखळतं पाणी लागतं."

"लागतं ना. आणि त्या पाण्यापाशी उभं राहायला एक माणूस लागतं. ते आमच्याकडे नव्हतं, नोर्मा. आई टोमॅटोच्या कारखान्यातून सुटून यायची, ती असंच करायची."

म्हणजे कारखान्यातली रीत. ती खाली पुल्याची, देशाच्या अगदी टाचेकडची. तिकडे काय करतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी मात्र लोयानोच्या खानावळीत तीस वर्षं पास्ता लाटलाय. अंड्याची कणीक, हातभर लाटणं, आणि पोळी इतकी पातळ की उजेडाला धरली तर पलीकडचा डोंगर दिसावा. समोरच्या घरातल्या बाईला दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. आजूबाजूला तोंड दाखवायचंय आपल्याला.

आणि खरी गोष्ट चवीची नाहीच. आमच्याकडे पास्ता पाण्यात पडतो तो घरचा माणूस निघाल्याचा फोन आल्यावर. माझा नवरा लाकडाच्या वखारीत होता, तो एकतीस वर्षं रोज फोन करायचा: "नोर्मा, टाक." दोनच शब्द. तेवढ्यावर मी पास्ता टाकायचे, तो दारात आणि ताट टेबलावर. नवरा-बायकोतलं याहून वेगळं प्रेम मला माहीत नाही. हिच्या पातेल्याला फोनच लागत नाही. झाकून ठेवलं की झालं. ज्याला यायचं त्यानं यावं, वाढून घ्यावं. घर आहे की धर्मशाळा?

इवानोनं दोनदा घेतला. तिचं मन राखायला किती सोसतो माझा मुलगा.

२२ सप्टेंबर, सोमवार

आठवडाभर तो पातेल्यातला गोळा खाल्ला. मंगळवारी टोमॅटोऐवजी मटार, बुधवारी मशरूम, गुरुवारी डबाबंद मासळी. पातेलं तेच. घासायला एकच भांडं, म्हणते. घासायला एकच भांडं हवं म्हणून कोणी लग्न करतं का?

एका हातानं लाटता येत नाही, पण उकळता येतं. शनिवारी इवानोला एकटा गाठून सांगितलं, सोमवारपासून संध्याकाळचं मी बघते. तू फक्त निघताना फोन कर. तो जरा गोंधळला. म्हणाला, कशाला त्रास, लोरी करतेच की. मग मी त्याला त्याच्या वडिलांचं सांगितलं, तशी त्याची कळी खुलली. म्हणाला, "करतो फोन. पण लोरीला सांगू नकोस. तिला वाटेल, मला कधी करत नाही." किती हळवा आहे.

आज सात वाजून दहा मिनिटांनी पाणी खळखळत ठेवलं. सात वीसला फोन. "मम्मा, निघालो ऑफिसातून. टाक." मी टाकला. गाळणीत ओततेय तोच दारात किल्ली फिरली. पास्ता दाताला लागेल इतकाच शिजलेला, वर माझ्या खिम्याचा रागू. तो पहिला घास घेऊन डोळे मिटून बसला. मला रडू आलं.

सूनबाई आल्या तेव्हा आम्ही हात धुतले होते. तिचं ताट झाकून ठेवलं होतं. पास्ता थांबत नाही, त्याचा गठ्ठा झाला होता, त्याला मी काय करणार? तिनं उभ्यानंच खाल्ला आणि म्हणाली, "रागू छान झालाय." खोटं बोलायला जीभ अडखळत नाही हिची.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाचही दिवस. फोन आणि दार यांच्यात अकरा मिनिटं. फार तर दहा. पास्त्याच्या पाकिटावर अकरा लिहिलंय, मी नवव्या मिनिटाला उतरवते, गाळून परतून होईतो तो बूट काढतोय. त्याच्या वडिलांनाही हे इतकं जमलं नव्हतं. संध्याकाळच्या बस रिकाम्या धावत असतील. शिवाय घरी कोण वाट पाहतंय यावर माणसाचा पाय उचलतो.

त्याच्या ऑफिसचं वातावरणही चांगलं आहे. फोनमध्ये मागे कपबशांचा आवाज येतो, मशीनमधून कॉफी गाळल्याची फुसफुस ऐकू येते, माणसं हसत असतात. एकजण ओरडला, "इवानो, तुझी पाळी!" दिवस संपला तरी कामाची पाळी आहेच. रंगही उजळलाय त्याचा, नाक-गाल तांबूस झालेत. खिडकीजवळ बसवलंय म्हणाला.

सूनबाईंनी विचारलं, हल्ली लवकर सुटतोस? तो म्हणाला, साहेब बदललेत. तिनं जास्त काही विचारलं नाही, कपडे वाळत घालायला गेली. नवऱ्याच्या कामात एवढासा रस नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आगाताला आज रागवावं लागलं. नऊ वर्षांची आहे, पण वळण नाही. शाळेतून आणताना म्हणाली, "नोन्ना, बाबा मागच्या गल्लीत कॉफीवाल्याकडे बसलेत, मी काचेतून पाहिलं." दुपारचे साडेचार वाजले होते. मी म्हटलं, बाबा झोलाला आहेत, अशा थापा मारू नयेत. ती म्हणाली, त्यांचा टाय ओळखते मी. मी तिला सांगितलं की खोटं बोलणाऱ्या मुलींना आजी गोड बिस्किटं देत नाही. मग गप्प झाली. आईवर गेलीय.

रात्रीच्या जेवणाला इवानोला हे सांगितलं, गंमत म्हणून. तोही हसला. त्याला ठसका लागला आणि पाणी प्यायला उठला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज तिची अर्ध्या दिवसाची सुट्टी. तिनं मला न्हाऊ घातलं. प्लास्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली, मला स्टुलावर बसवलं आणि केस धुतले. नखं कापलेली असतात तिची, तेवढं चांगलं आहे. पण बोलणं पाहा. म्हणाली, "नोर्मा, लोयानोला तुमच्या बाथरूममध्ये धरायला काहीच नाही. परत गेल्यावर कसं करणार?"

परत गेल्यावर. ऐकलंत? प्लास्टर निघायला पंधरा दिवस आहेत आणि ही मला आतापासून वाटेला लावतेय. डोळ्यांत साबण गेलाय म्हटलं.

मग सरळ इवानोलाच विचारलं, चोविसाव्या तारखेनंतर माझं काय. तो म्हणाला, "माझी तर इच्छाच आहे, मम्मा. पण लोरीला विचारावं लागेल, तू ओळखतेस तिला." ओळखते. अडसर कुठे आहे ते आता तरी कळलं. या आठवड्यात हात ठणकला म्हणून मी पडून होते, ते तीन दिवस जेवण परत तिच्या पातेल्यात गेलं. मी आडवी झाले की ती लगेच झाकण ठेवून मोकळी. मला एकही दिवस पडून राहणं परवडणार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सूनबाई दुपारी चारलाच घरी आल्या, अंगात सणसणून ताप. स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर घोंगडी घेऊन पडल्या. आजारी माणसाशी मी वैर धरत नाही. उलट बरंच वाटलं, की आज हिला माझं काम समोर बसून पाहता येईल. म्हटलं, तुझ्यासाठीही टाकते, गरम गरम खा. "खाईन," म्हणाली.

सव्वासातला पाणी उकळलं. सात वीसला फोन वाजला. माझा एकच हात मोकळा, त्यात मिठाचं भांडं, म्हणून फोनचा आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. "मम्मा, निघालो. फाटकाबाहेर पडतोय. टाक." मी टाकला. आणि मनात आलं ते बोलले, कारण तीन आठवडे हे सांगायला माझ्याकडे कोणीच नव्हतं.

"बघ आता. अकरा मिनिटं. मी गाळायला घेईन आणि दार वाजेल. एकदासुद्धा पास्ता मऊ पडला नाही."

ती घोंगडी बाजूला करून उठून बसली. "रोज अकरा मिनिटं?"

"कधी दहा."

"आणि फोन करतो तेव्हा कुठे असतो?"

"कुठे म्हणजे? कंपनीच्या फाटकात. आत्ता ऐकलंस ना तू."

"नोर्मा, कंपनी झोलाला आहे. मला गाडीनंसुद्धा या वेळेला पाऊण तास लागतो."

"तुला लागत असेल," मी म्हटलं. "तुझं गाडी चालवणं पाहिलंय मी."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटलं ताप डोक्यात गेला. मग तिनं आगाताला हाक मारली आणि हळू आवाजात विचारलं, बाबा कुठे दिसले होते तुला? पोरीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मागच्या गल्लीत." लोरेदानानं झोपायच्या कपड्यांवर कोट चढवला आणि सपाता घालून जिना उतरून गेली.

आता माझी पंचाईत. नववं मिनिट झालं, माणसं नाहीत. माणसं नसताना गाळायचा कसा? ठेवला तसाच पाण्यात. अकरा झाली, पंधरा झाली. वीस मिनिटांनी दोघं वर आली. इवानोच्या हातात अजून तीन पत्ते होते, खाली ठेवायचं भान राहिलं नसावं. ती भिंतीला टेकून उभी, दात वाजत होते.  पास्त्याची पार खीर झाली होती. तीस वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा, आणि कोणाला त्याचं काहीच वाटलं नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कळलं ते असं. मार्चपासून कंपनी नाही. त्याला कामावरून काढलं. सात महिने रोज टाय बांधून निघतो, पोरीला शाळेच्या दारात सोडतो आणि मागच्या गल्लीत कॉफीवाल्याकडे जाऊन बसतो. बाहेर ऊन असलं की बाहेरच्या टेबलावर, नाहीतर आत पत्ते. पगार लांबलाय म्हणून बायकोला सांगत होता, म्हणून तिनं दुकानात जास्तीचे तास धरले होते. फोनही तो डाव संपत आला की करायचा.

आता यात एवढा गहजब करण्यासारखं काय आहे? नोकऱ्या जातात. पुरुषमाणसाला लाज वाटते, त्यानं सांगावं कसं? ही घरी येते ती घड्याळ बघत, पातेलं आदळत. अशा बाईपाशी मन मोकळं करणार कोण? मी हे तिला ऐकवणार होते, पण ती तापातच कामावर गेली.

इवानोसाठी सकाळी कॉफी नेली. तो पलंगावर बसून होता, टाय न बांधता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मम्मा, ते अकरा मिनिटांचं तू कशाला सांगितलंस?"

मी म्हटलं, चुकलं माझं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

भांडी पुसत होते. एका हातानं पुसायला वेळ लागतो आणि वेळ लागला की डोकं चालायला लागतं. मी आठ सप्टेंबरला पडले. सप्टेंबर मार्चच्या नंतर येतो.

मग मीटिंग कसली होती?

फडकं घेऊनच त्याच्या खोलीत गेले आणि विचारलं. त्यानं नाकारलं नाही. म्हणाला, "मी आलो असतो तर सगळं उघडं पडलं असतं. गाडी लोरीकडे, सकाळी अकरा वाजता मी बसनं लोयानोला कसा पोचलो हे विचारलं असतं तिनं. आणि ती आली ना लगेच?"

आली. गल्ला दुसऱ्याच्या हवाली करून, पांढऱ्या डगल्यात, जेवण न करता. आणि मी दोन तास पालथी, गालाखाली खडी, मुंग्या एप्रनवरून वर चढत होत्या, आणि दोन तास मी स्वतःला समजावत होते की बिचारा मोठ्या जागेवर आहे. तेव्हा हा पत्ते पिसत होता. मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. खानावळीच्या मालकानं पगार बुडवला होता तेव्हाही नाही.  परत येऊन उरलेली भांडी पुसली.

अर्थात हातातला डाव टाकून उठणं बरं दिसत नाही. त्याचे वडीलही तसं म्हणायचे. ते खोटं बोलून खेळायला जात नसत, एवढाच फरक.

१९ ऑक्टोबर, रविवार

त्यांचं बोलणं झालं. आरडाओरडा नाही, ताटं फुटली नाहीत. तिनं सांगितलं की काही महिने त्यानं दुसरीकडे राहावं, काम शोधावं, पोरीला दर रविवारी भेटावं. तो म्हणाला, "मग मी मम्माबरोबर लोयानोला जातो. चोवीसला तिचं प्लास्टर निघतंय, त्याच दिवशी निघू. निदान नीट जेवायला तरी मिळेल." हे माझ्यासमोर, मी नसल्यासारखं. मला कोणी विचारलं नाही. मात्र मुलाबरोबर राहायला मिळावं हीच तर माझी इच्छा होती, ती बारा सप्टेंबरला मीच या वहीत लिहिलीय. तेव्हा मी "बरं" म्हटलं. सामान तरी काय, एक पिशवी.

संध्याकाळी तिनं पातेलं काढलं. मी स्वयंपाकघरातच बसून होते. स्पॅगेटी, टोमॅटो, कांदा, पाणी, झाकण. मग ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. रविवार, त्यामुळे गणित नाही, मशीनही लागलेलं नव्हतं. या घरात आल्यापासून तिला मी बसलेलं पाहिलं नव्हतं. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून ती नुसती बसली होती. मी मुद्दाम घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं.

झाकण उघडायच्या आधी ती म्हणाली, "तुमची खोली मी कोणाला देत नाहीये, नोर्मा. जा किंवा राहा, तुमचं तुम्ही ठरवा. फक्त आधी सांगा. राहणार असाल तर बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेईन. त्या माणसाला आठवडाभर आधी सांगावं लागतं."

मी ताटं मांडायला उठले. तिला काय, पोरीला शाळेतून आणायला फुकटात माणूस हवं असणार. हुशार आहे. पास्ता बरा होता. मीठ कमी होतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी प्लास्टर कापलं. आतला हात परका वाटतो, बारीक आणि पांढरा. मूठ अर्धीच मिटते. डॉक्टर म्हणाले, लाटणं विसरा, निदान उन्हाळ्यापर्यंत. जड उचलायचं नाही.

दुपारी इवानो आणि मी बसच्या स्थानकावर गेलो. लोरेदाना सकाळीच कामावर गेली होती. जाताना माझ्या औषधांची पिशवी दाराशी ठेवून गेली, वेळा वर लिहून. तिथे इवानोनं कॉफी घेतली. एका हातात कॉफी, एका हातात त्याची बॅग. माझी पिशवी माझ्याकडे. मी ती उजव्या हातातून डाव्यात घेतली, मग परत उजव्यात. त्यानं पाहिलं, आणि म्हणाला, "बसमध्ये ठेवू या वर." मग लोयानोला गेल्यावर काय काय करायचं ते सांगू लागला. आधी मी ताल्यातेल्ले करायचे, हातानं लाटून कापलेल्या पास्त्याच्या पट्ट्या, जाडसर, त्याला आवडतात तसे. शुक्रवारी मासळी. दुपारचं एक वाजता आणि रात्रीचं साडेसातला, म्हणजे त्याला दिवसाला वळण लागेल. त्रेचाळीस वर्षांचा आहे. बोलताना चेहरा इतका खुलला होता की लहानपणचा इवानो दिसला, आणि मला त्याचा फार लोभ वाटला. तो लोभ अजून आहे. तो जायचा नाही.

बस लागली. तो पुढे चढला, वळला आणि माझ्यासाठी हात पुढे केला, कॉफीचा नाही, दुसरा, बॅग खांद्यावर टाकून. मी त्या हातात घराच्या किल्ल्या ठेवल्या.

तो म्हणाला, "हे काय?"

"मोठी बाहेरच्या दाराची. गॅसची कळ ओट्याखाली आहे, अर्धा फेरा फिरव. तिसऱ्या पायरीवर सांभाळ, ती हलते."

"तू येत नाहीयेस?"

"नाही."

 मागची माणसं चढायला खोळंबली होती. मी वाट पाहत होते. त्यानं काही विचारलं असतं, हात कसा आहे, राग आलाय का, कशी जाशील एकटी, काहीही, तर मी चढले असते. हे मी खरं लिहितेय. माझा एक पाय पायरीवर होताच.

तो म्हणाला, "मग माझ्या जेवणाचं काय?"

मी पाय खाली घेतला. म्हटलं, "पाणी उकळलं की मीठ घाल आणि मग पास्ता. फोन कोणाला करू नकोस. तू घरीच असणार आहेस."

बस गेल्यावर बाकावर बसून पोटभर रडले. शेजारच्या बाईनं रुमाल दिला आणि कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुलगा, कामाला. सवयच लागलीय. मग शहरातली बस पकडून शाळेत गेले, आगाताला आणलं.

लोरेदाना आठला दहा कमी असताना आली. मला पाहून कोट हातातच राहिला.

"बस चुकली का?"

"नाही. मीच चढले नाही. त्या दांडीवाल्या माणसाला सांग."

 तिनं कोट खुर्चीवर टाकला, बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं. त्यातूनही हुंदके ऐकू येत होते. साहजिक आहे. माझ्यासारखी सासू कायमची गळ्यात पडली म्हटल्यावर कोणालाही रडू येईल.